साडेपाच वर्षांच्या लेकीला हेवी मेटल ऐकू द्यावं का?

विश्रामबागची_आई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. लेक साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाईल. नवऱ्याला कॉलेजपासून हेवी मेटलचं, म्हणजे जड गिटार आणि जोरदार ड्रमवाल्या रॉक संगीताचं वेड. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा इंग्लिश बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला होता, तेव्हा हा घरी न सांगता मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून गेला होता. लग्नानंतर त्याचं ऐकणं हेडफोनमध्ये गेलं, कारण मला ते संगीत सहन होत नाही. पण गेल्या दिवाळीपासून ते परत हॉलमध्ये आलंय, कारण आता लेकच मागते. संध्याकाळी बाबा कामावरून आला की "धडधडवालं लाव" म्हणते. दोघं केस उडवत नाचतात. ड्रम कुठे थांबणार, कुठे पुन्हा सुरू होणार हे तिला पाठ झालंय. त्या जागी ती हवेत हात मारते आणि तो हात अगदी बरोबर पडतो.

आता अडचण. मागच्या आठवड्यात बालवाडीतून बोलावणं आलं. बाईंनी आवडीचं गाणं म्हणायला सांगितलं, तर हिनं जीभ बाहेर काढून घोगऱ्या आवाजात गुरगुरून दाखवलं. दोन मुलं रडली. बाई म्हणाल्या, "घरी काय बघते ही?" सासूबाईंना हे कळल्यापासून त्या नीट जेवत नाहीयेत. दिवेलागणीला शुभंकरोतिच्या वेळी घरात आरडाओरडा चाललेला असतो, हे त्यांना खरंच लागतं. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी आनंदात आहे, आणखी काय पाहिजे?

मला दोघांचंही पटतं आणि म्हणून काही ठरत नाही. या वयाला हे ऐकू द्यावं का? स्वभाव चिडका होतो का? कानाला काही होतं का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. "मुलांना चांगलं संगीत ऐकवा" एवढ्यानं माझं भागणार नाही, बालगीतं आणि अभंगही आमच्याकडे रोज लागतात.

रानजाई

वाचतेय. माझा चार वर्षांचा आहे आणि मामा असलंच ऐकणारा, त्यामुळे आज ना उद्या हा प्रश्न माझ्याही घरी येणार.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी त्याच मैदानात मीही होतो.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो सहा वर्षांचा असताना मी त्याला गाणं लावायच्या आधी टोनी आयोमी या गिटारवादकाची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा सतरा वर्षांचा पोरगा. नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि मशीनमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. आता वाजवणं संपलं असं सगळे म्हणाले. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल लावून वाजवायला लागला, म्हणजे बोटं कमी दुखतात. सैल तारेचा आवाज जड, खर्जातला. १३ फेब्रुवारी १९७० ला ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि या संगीताची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. गोष्ट ऐकून आमच्या चिरंजीवांनी दोन दिवस बोटांना पेनाची टोपणं लावून जेवायचा प्रयत्न केला.

स्वभावाचं म्हणाल तर पोरगा शांत आहे. शाळेतून आजवर एकही तक्रार नाही. एका मुलावरून सिद्ध काही होत नाही, पण तुम्ही अनुभव विचारलात म्हणून लिहिलं.

तंबोऱ्याचा_कारागीर

मी मिरजेचा, घरात तीन पिढ्या तंबोरे आणि सतारी. माझं मत वेगळं आहे, राग मानू नये.

या वयात कान घडतो. आमच्या दुकानात पोरं रांगायला लागल्यापासून जवारी, म्हणजे तारेला गुंजन आणायचं काम, ऐकतात. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचं सूत जरा सरकवायचं, पुन्हा छेडायची, असं दिवसभर चालतं. त्यांना कोणी शिकवत नाही. पण सात-आठ वर्षांचं पोर खेळता खेळता मान वर करून म्हणतं, "आजोबा, पंचम उतरला." हा नाजूकपणा फार हळू येतो. त्याच वयात रोज कानावर घण पडायला लागले तर तो येणार कसा, ही माझी भीती आहे. मोठेपणी काय ऐकायचं ते ऐकू द्या. साडेपाचला नको.

घरातली_आजी

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं. वय ६८. तिन्हीसांजेची वेळ घरात शांत असावी असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि नातीनं त्या वेळी जीभ काढून ओरडावं हे बघवत नाही. जेवण जात नाही यात नवल काय?

हलगीवाला_जत

आजी, पाया पडतो. तरी एक सांगतो. आरेवाडीला बिरोबाच्या बनात जत्रंला ढोल वाजत्यात तवा ल्हान पोरं बापाच्या खांद्यावर बसल्याली आसत्यात. माझी बी बसायची. पंधरा-ईस ढोल एकदम, वर झांज. पोरगं आधी डोळं मिटून घेतंय, बापाचं केस धरतंय, आन मग हळूच एक डोळा उघडून बघतंय आन टाचा हलवाय लागतंय. माझी तिन्ही पोरं आशीच वाढली. एक इंजिनेर हाय, एक शेती बघतोय, धाकटी नर्स. कुणी बिघडलं न्हाई.

निलाक्षर

मूळ मुद्दा बाजूला राहतोय. ढोल देवाचा असतो. या बँडांची नावं, कव्हरं, कपडे बघा. कवट्या, रक्त, सैतान. दोन बोटं वर करून सैतानाची खूण करतात. लहान मुलीच्या मनावर रोज हेच ठसणार असेल तर "आनंदात आहे" हे उत्तर पुरत नाही. माझा ठाम नकार.

पोवईनाका

मी साताऱ्याचा. निलाक्षर यांच्याशी सैतानाबद्दल सहमत नाही, पण चित्रांबद्दल आहे, आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलगा पाच वर्षांचा होता. मी स्वतः हे संगीत ऐकतो. त्याला गाणी आवडायची, कधी काही त्रास नव्हता. एका रविवारी मी अंघोळीला गेलो आणि टॅब त्याच्या हातात राहिला. मी लावलेलं गाणं संपलं आणि पुढचं आपोआप सुरू झालं, व्हिडिओसकट. मी बाहेर आलो तेव्हा तो टॅब उलटा ठेवून त्यावर उशी दाबून बसला होता. रडला नाही. काय दिसलं ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यानंतर तीन-साडेतीन महिने तो एकटा संडासलाही गेला नाही. रात्री दोन वाजता उठून आमच्यामध्ये येऊन झोपायचा. अजिंक्यताऱ्यावर फिरायला नेलं तर दरवाजाच्या कमानीखालून जायला तयार होईना, आत अंधार होता म्हणून.

हळूहळू ठीक झाला. पण तेव्हापासून घरात मेटल बंद आहे. मी गाडीत एकटा असताना ऐकतो. ताई, चूक गाण्याची नव्हती, मी पाच वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर एकटं सोडलं ही चूक होती. तरी सावध करावंसं वाटलं.

रानजाई

@पोवईनाका, वाचून पोटात गोळा आला. लिहिल्याबद्दल आभार. आपोआप पुढचं लागायचं बटण आत्ताच बंद केलं.

कानाचा_डॉक्टर

कानाची बाजू मी सांगतो, मिरजेत हेच काम करतो.

आतल्या कानातल्या केसपेशींना गाणं कुठलं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. आवाज किती मोठा आणि किती वेळ, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच तास, आणि हे सगळं आख्ख्या आठवड्यात मिळून. केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत.

कारागीरसाहेबांच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त वेगळ्या कारणानं. ख्यालात आलाप असतो, आवाज चढतो उतरतो, कानाला मध्ये विसावा मिळतो. मेटलचं बरंचसं रेकॉर्डिंग दाबून एकसारखं मोठं केलेलं असतं. मेटालिका या बँडच्या २००८ च्या अल्बमवर तर खुद्द चाहत्यांनीच ही तक्रार केली होती. त्यामुळे फोनवर व्हॉल्यूमची तीच रेघ ठेवली तरी कानात जास्त पडतं. मुलीला हेडफोन देऊ नका. स्पीकरपासून लांब नाचू दे. गाणं चालू असताना तुम्ही स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि तिला ऐकू गेली, तर बहुतेक ठीक आहे. फोनमधलं आवाज मोजायचं ॲप अंदाजाला पुरतं. ती नाचते त्या जागी, तिच्या डोक्याच्या उंचीला धरून मोजा.

आणि मला खरी काळजी आहे ती गुरगुरण्याची. सराव केलेले गायक तो आवाज काढताना मुख्यतः स्वरतंतूंच्या वरच्या, ज्यांना आम्ही खोटे स्वरतंतू म्हणतो, त्यांचा वापर करतात आणि ते जमायला त्यांना वर्षं लागतात. मूल नुसता घसा आवळून खऱ्या स्वरतंतूंवर जोर देतं. खूप ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येणं हे आमच्याकडे नेहमीचं आहे. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, ओरडायची सवय सुटली की आवाज सुधारतो. पण आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर दाखवा. नाचू दे, हात मारू दे, गुरगुरणं मात्र थांबवा.

विश्रामबागची_आई

डॉक्टर, खूप आभार. हे मला माहीतच नव्हतं. आवाज मधूनमधून बसतो तिचा, आम्ही सर्दी समजत होतो. आज मोजते.

पोवईनाका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग उठून भिंतीवरचं ते हाडांच्या माणसाचं पोस्टर काढून कपाटात ठेवलं त्यानं. मी सांगितलं नव्हतं.

दुपारची_झोप

डेसिबल निघालेच आहेत तर विसर्जन मिरवणुकीचं कोणीतरी बोला. गेल्या वर्षी डॉल्बीच्या भिंतीसमोरून बाळाला घेऊन जाताना फोनच्या ॲपनं १०२ दाखवलं. खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. नियमात निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे, २००० सालापासून.

हलगीवाला_जत

त्याला +१. आमी हलगी वाजवणारं सुदीक त्या डॉल्बीफुडं थांबत न्हाई. छातीत कळ येती.

निलाक्षर

धागा मिरवणुकीत गेला. पुन्हा विषयावर येऊ या का?

कराडची_पोर

मी सत्तावीस वर्षांची आहे, कराडची. नवव्या वर्षी दादाच्या खोलीतून ऐकू येणारं मेटल भिंतीला कान लावून ऐकायचे. चौदाव्या वर्षी आईचं आजारपण निघालं. तेव्हा घरात सगळे हळू बोलायचे, दारं हळू लावायचे, टीव्ही म्यूट. मला मोठ्यांदा ओरडावंसं वाटायचं आणि ओरडता यायचं नाही. ते गायक माझ्यासाठी ओरडायचे. त्या वर्षी त्या गाण्यांनी मला धरून ठेवलं. आई आता बरी आहे.

राग वाढतो का यावर एक अभ्यास आहे. २०१५ साली क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ मेटल ऐकणाऱ्यांना आधी राग येईल अशा विषयांवर बोलायला लावलं. मग निम्म्यांना दहा मिनिटं त्यांच्या आवडीची गाणी ऐकू दिली, निम्म्यांना शांत बसवलं. गाणी ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांसारखाच उतरला, आणि त्यांना उत्साही वाटलं.

कानाचा_डॉक्टर

तो मी वाचला आहे. त्यातले सगळे १८ ते ३४ वयाचे आणि आधीपासून हे संगीत आवडणारे होते. साडेपाच वर्षांच्या मुलीला तो लावता येणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या घरात काय चाललंय ते तिला कळत असतं आणि ती स्वतः गाणं निवडते. पाचव्या वर्षी आपण लावतो तेच मूल ऐकतं.

कराडची_पोर

मान्य. तो फरक मी लिहायला हवा होता.

तंबोऱ्याचा_कारागीर

दोन दिवस डोक्यात हाच विषय होता. शेवटी काल रात्री नातवाला सांगून कृष्णाकाठ यांनी लिहिलेला १९७० चा तो पहिला अल्बम लावून घेतला. हातात तंबोरा घेऊन बसलो, स्वर शोधायला.

पहिल्याच गाण्यात षड्ज, मग तार षड्ज, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. बस्स, एवढंच, पुन्हा पुन्हा. मी चमकलो. जुन्या युरोपात या अंतराला सैतानाचं नाव होतं असं नातू म्हणाला. अहो, तीव्र मध्यम तर आपण यमनात पोरांना पहिल्या वर्षी शिकवतो! मग इथे अंगावर काटा का येतो? तर आपण तीव्र मध्यमाला पंचमाच्या घरी पोचवतो. हे लोक त्याला दारातच उभं ठेवतात. बाहेर अंधार आणि दार उघडत नाही, असं काहीतरी वाटत राहतं. करणाऱ्यानं ते ठरवून केलंय, ओबडधोबडपणा नाही तो. बोटं तुटलेला माणूस स्वराची एवढी जाण ठेवतो, मी त्याला हात जोडले.

दुसरी गोष्ट. त्यांची गिटार जी भरभरून वाजते, त्यात बहुतेक वेळा षड्ज-पंचम एकत्र छेडलेले असतात. आमचा तंबोराही षड्ज-पंचमच. आणि जवारी म्हणजे तरी काय, तारेच्या स्वरात वरचे बारीक स्वर फुलवायचे, आवाजाला गुंजन द्यायचं. ते लोक तेच विजेनं करतात, आणि अति करतात. माझ्या कानाला ते सोसलं नाही, वीस मिनिटांत बंद केलं. मुलीला रोज ऐकवावं असं अजूनही वाटत नाही. पण "घण" हा शब्द मी मागे घेतो.

कृष्णाकाठ

कारागीरकाका, दंडवत. पंचवीस वर्षं ते गाणं ऐकतोय, त्यात भीती कुठून येते ते आज कळलं.

निलाक्षर, त्या दोन बोटांच्या खुणेबद्दल. ती रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकानं. तो १९७९ मध्ये ब्लॅक सबाथमध्ये आला. घराणं मूळ इटलीचं. ही खूण आपण आजीकडून उचलली असं त्यानं अनेकदा सांगितलंय. त्याची आजी कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून रस्त्यात तशी बोटं करायची. म्हणजे दृष्ट काढायचीच खूण झाली ती.

शब्दांचंही बघा. यातली कितीतरी गाणी युद्धाच्या विरोधात आहेत. आयर्न मेडननं १९८४ मध्ये कोलरिज या इंग्लिश कवीच्या म्हाताऱ्या खलाशावरच्या कवितेचं तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं. निष्पाप पक्षी मारला म्हणून खलाशाला काय भोगावं लागलं त्याची गोष्ट. मी मुलाला ती मराठीत सांगितली, मग गाणं लावलं. वाईट शब्द, किळसवाणी वर्णनं असलेले बँडही खूप आहेत, ते मी घरात लावत नाही. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली आणि अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी लागायला लागली. आता ॲपमध्येही तशी खूण दिसते. पण ती शब्दांपुरती. मूल कशाला घाबरेल ते तिच्यावरून कळत नाही.

निलाक्षर

खुणेची माहिती नवी आहे, ती मी चुकीची लिहिली. पण माझं मत बदललेलं नाही. इतकं गाळून, चाळून, बाजूला बसून ऐकवावं लागतं, तर दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

घरातली_आजी

निलाक्षर यांचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचाच विचार करत होते.

आम्ही मुलांना काय कमी भीतीच्या गोष्टी सांगितल्या? खांब फाडून नरसिंह आला, त्यानं उंबऱ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, आतडी गळ्यात घातली. माझा मुलगा चार वर्षांचा असताना रोज रात्री हीच गोष्ट मागायचा. "पोट कसं फाडलं ते पुन्हा सांग" म्हणायचा. मी सांगायचे. पण माझ्या मांडीवर असायचा तो. त्या जागी आलं की माझा पदर मुठीत धरायचा, आणि मूठ सैल झाली की मी पुढे सरकायचे. घट्टच राहिली तर प्रल्हादावर फुलं पडली इथे चटकन यायचे. साताऱ्याच्या त्या बाळाजवळ कोणाचा पदर नव्हता, म्हणून मला फार वाईट वाटलं. पोवईनाका, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. अंघोळीला सगळेच जातात.

विश्रामबागच्या सूनबाई, बाबा बरोबर नाचतो म्हणता, तर मला तितकी भीती वाटत नाही. पण तिन्हीसांजेची वेळ सोडा. सासूबाईंसाठी एवढं करा.

बालवाडीवाली

मी वाईला बालवाडीत शिकवते, बावीस वर्षं झाली. तुमच्या बाईंचं "घरी काय बघते ही" तुम्हाला टोचलं असेल, पण आमच्यासाठी तो पहिला प्रश्न असतोच. एखादं मूल अचानक गुरगुरायला लागलं की आम्हाला शोधावंच लागतं. तुम्ही जाऊन मोकळेपणानं सांगा: बाबाबरोबर गाणी ऐकते, व्हिडिओ बघत नाही. अर्धी काळजी तिथेच मिटेल.

मुलीला मात्र "घाणेरडं गाणं, पुन्हा म्हणू नको" असं सांगू नका. तिनं तिची सगळ्यात आवडती गोष्ट वर्गाला दाखवली आणि मुलं रडली. तिलाही ते लागलं असणार, विचारून बघा. "तो आवाज बाबाबरोबरचा, वर्गात मुलं दचकतात" एवढं साडेपाच वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

आणि चिडचिड वाढली का ते असं बघा: गाणं बंद केल्यावर ती काय करते? जेवते, खेळते, झोपते का? की अर्धा तास आदळआपट चालते? झोपायच्या आधी दीड-दोन तास धडधडवालं नको, कुठल्याही गाण्यावर अंगात वारं भरलं की मुलं झोपत नाहीत. गोविंदा नाचून आल्यावरही नाही झोपत.

हलगीवाला_जत

सगळी येवढं बोलला, पण ताईनी पयल्याच पोष्टीत काय लिवलंय ते कुणी ध्यानात घेतलं न्हाई. ड्रम थांबतोय आन पुन्ना चालू हुतोय त्या जागी पोरीचा हात बरुबर पडतोय म्हनं. साडेपाच वर्साची! आवो, माझ्याकडं शिकाय येत्यात त्या बारा वर्साच्या पोरांचा तिथं हात चुकतोय. थांबल्याली जागा मोजाय यायला लई येळ लागतो. वाजतंय तवा कुनीबी वाजवतंय, गप बसल्याली मात्रा धरून ठेवनं आवघड.

ह्या पोरीच्या हातात कायतरी द्या. बारकी हलगी द्या, डफ द्या, पालथं पातेलं द्या. मग ती घसा न्हाई फोडनार, हातानं बोलंल. दिल्लीचं ते ब्लडीवूड म्हनून मेटलचं ब्यांड हाय, माझ्या थोरल्यानं ऐकवलं, त्यात ढोल हाय चांगला. त्ये लावून बगा.

कृष्णाकाठ

ब्लडीवूडला अनुमोदन, पण गाणी आधी ऐकून घ्या. ते हिंदी-पंजाबीतही गातात. इंग्लिश गुरगुरणं पोरीला कळत नाही, हिंदी कळेल, आणि त्यांचे काही विषय फार जड आहेत.

लहान मुलांसाठीच करणारेही आहेत. फिनलंडचा हेविसाउरस हा बँड. २००९ पासून डायनासोरचे पोशाख घालून मुलांसाठी मेटल वाजवतात. भाषा फिनिश, पण पोरांना त्याचं काही वाटत नाही.

विश्रामबागची_आई

दहा-बारा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचं काय काय केलं ते सांगायला.

ती नाचते तिथे फोन धरला तर ८४ ते ८६ दाखवत होता. माझा स्वतःचा अंदाज ७० चा होता. आता ७० ते ७२ वर असतो, आणि मी हाक मारून बघते. पहिले दोन दिवस "मोठं कर" म्हणून रडली, तिसऱ्या दिवशी विसरली. वेळ बदलली. दिवा लावून, शुभंकरोति म्हणून, मग बाबाबरोबर तीन गाणी, मग जेवण. गाणी नवऱ्यानं निवडून वेगळी ठेवलीत, पडदा बंद असतो.

बालवाडीवाली, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. लेक म्हणाली, "त्यांना आवडेल असं मला वाटलं होतं." आणि मग खूप रडली, आठवड्यापूर्वीच्या गोष्टीसाठी. मलाच भरून आलं. आम्ही सगळे तिच्या स्वभावाची चर्चा करत होतो आणि तिला काय वाटलं हे कोणीच विचारलं नव्हतं. बाईंना भेटून आले, त्या चांगल्या बोलल्या. गुरगुरणं पूर्ण सुटलेलं नाही. पण घरात बारकी हलगी आलीय आणि हात त्यात गुंततात. हलगीवालादादा, थांबलेल्या जागेचं तुम्ही लिहिलंत ते वाचून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या डिओच्या आजीची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री लेकीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग नवऱ्याला हाक मारून समोर बसवलं आणि त्याचीही काढली.

मला ते संगीत अजूनही आवडत नाही. तीन गाणी होईपर्यंत मी गॅलरीत जाऊन बसते.

तंबोऱ्याचा_कारागीर

मुलीला एखाद्या रविवारी दुकानात घेऊन या. हलगी चालू राहू दे. नुसता भोपळा आणि मोकळी तार हातात देतो, ती काय करते ते बघायचं आहे. तिच्या बाबांनाही आणा.

कानाचा_डॉक्टर

आवाज बसणं कमी झालं का?

विश्रामबागची_आई

हो डॉक्टर, या आठवड्यात एकदाही नाही. काका, रविवारी येतो.

पोवईनाका

आजी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मनापासून आभार. मुलगा आता सात वर्षांचा आहे. आज त्याला विचारलं, डायनासोर गातात ते ऐकायचं का? "व्हिडिओ नको" म्हणाला. मग टॅब कपाटात ठेवून छोट्या स्पीकरवर लावलं.

दोन गाणी झाली. तिसरं लाव म्हणतोय. मी शेजारीच बसलोय.